दारापासून खुर्चीपर्यंत

१

ताईचं काम सांगायला सोपं होतं. जुन्या सिनेमांवरची धूळ पुसायची. फडक्यानं नव्हे, कॉम्प्युटरवर. दोन तासांचा सिनेमा म्हणजे जवळजवळ पावणेदोन लाख फ्रेम, आणि त्यातली एकेक फ्रेम डोळ्यांसमोरून घालवायची. कुठे चरा, कुठे केस, कुठे बुरशीचा ठिपका. तो पुसायचा, पुढची फ्रेम घ्यायची. तेवीस वर्षं ती हेच करत होती. "आम्ही डोळ्यांत तेल घालून काम करतो," असं ती पाहुण्यांना ऐटीत सांगायची आणि ते गेले की डॉक्टरांनी दिलेले थेंब डोळ्यांत घालायची.

या वर्षी तिच्याकडे आलेला सिनेमा घरचाच होता. नायक तिचे बाबा, नायिका तिची आई. एका पिढीनं हा सिनेमा पाहून रुमाल भिजवले होते. लोक म्हणायचे, काय जोडी आहे! ताईला ठाऊक होतं की जोडी कसली, नुसता जोड होता. अख्ख्या सिनेमात ते दोघं एकदाही एका फ्रेममध्ये नव्हते. ते दारात, ही टेबलाशी खुर्चीवर. पुन्हा ते, पुन्हा ही. गोष्टच तशी बेतलेली: नवरा दर वेळी दारात येऊन विचारतो, "आत येऊ?" आणि बायको उत्तर देत नाही. अगदी शेवटी ती "ये" म्हणते आणि सिनेमा संपतो. तो आत आला हे प्रेक्षकांनी आपापल्या मनानं ठरवलं, पोटभर रडले आणि घरी गेले.

खरं कारण साधं होतं. तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं. आईचं शूटिंग सोमवार ते बुधवार, बाबांचं गुरुवार ते शनिवार. आईच्या नजरेसमोर कुणीतरी हवं म्हणून दारात एक काठी उभी करायचे, टोकाला लाल फीत बांधून.

"अख्खा सिनेमाभर मी एका काठीवर प्रेम केलं," आई सांगायची. "आणि खरं सांगू का, ठमे? काठीनं तक्रारीला कधी जागा दिली नाही."

आई आता एक्याऐंशी वर्षांची होती आणि ताईजवळ राहत होती. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

२

चौथ्या रिळापर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं. तिथे आई बटणाचा दोरा दातांनी तोडते आणि दाराकडे बघते. ताईनं आईच्या गालावरचा एक चरा पुसला, दुसरा पुसला आणि तिचा हात थांबला. आईची हनुवटी वर होती.

थोडीशीच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण हा सिनेमा ताईला पाढ्यांसारखा पाठ होता. बसलेलं माणूस उभ्या माणसाकडे बघतं तेव्हा तो जितका जवळ, तितकी हनुवटी वर. हे कळायला सिनेमा शिकावा लागत नाही, कधीतरी लहान असलं की पुरे.

तिनं कपाटातून शूटिंगची वही काढली. कुठला शॉट कसा घेतला, कोण कुठे उभं होतं, याची ती जुनी नोंदवही. टिपणं घेणाऱ्या बाईंचं अक्षर मुंगीएवढं होतं, पण नोंद चोख: "बाईंची नजर काठीवर. दारापासून खुर्चीपर्यंत सहा पावलं. सगळ्या प्रसंगांत हेच अंतर." ताईनं तिसऱ्या रिळातली आईची फ्रेम घेऊन शेजारी ठेवली. तिसऱ्यात सहा पावलं होती. चौथ्यात पाच असावीत, फार तर साडेपाच.

दुसरा टेक वापरला असेल, तिनं स्वतःला समजावलं. मग वहीतली पुढची ओळ वाचली. "टेक एक. ओके. बाईंनी पुन्हा करायला नकार दिला."

ताईला हसू आलं. आई ती आईच. काठी कुणीतरी पायानं सरकवली असेल, असं म्हणून तिनं वही मिटली. मात्र त्या दिवशी ती घरी लवकर निघाली.

३

घरी संध्याकाळचा एक ठरलेला क्रम होता. ताई चप्पल काढेपर्यंत आई खुर्चीतूनच विचारायची, "कितवं रीळ?" ताई आकडा सांगायची. मग आई त्या रिळातली स्वतःची चूक सांगायची. कुठे पापणी जास्त लवली, कुठे आवाज नाटकी झाला. पन्नास वर्षांपूर्वीच्या कामात ती अजून दुरुस्त्या सुचवत होती.

"चौथं," ताई म्हणाली.

"त्यात माझा दोरा दातांत अडकला होता. नीट बघ, चेहऱ्यावर दिसतं."

"दिसतं. लोकांना ती विरहाची व्यथा वाटली."

आई खुदकन हसली. ताई पाण्याचा ग्लास घेऊन तिच्यासमोर बसली आणि दिवसभराचं सांगू लागली. बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की आई तिच्याकडे बघत नाहीये. बघत होती, हसतही होती, पण नजर ताईच्या खांद्यावरून मागे कुठेतरी जात होती. ताईनं वळून पाहिलं. मागे खोलीचं दार होतं आणि दारात कुणी नव्हतं.

"काय बघतेयस?"

"कुठे काय? तुझ्याकडेच तर बघतेय."

ताई उठून आईच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. आईचा चेहरा तिच्याकडे वळला, डोळे मात्र दारापाशी राहिले. एवढ्या वर्षांची धंद्याची सवय, ताईनं मनातल्या मनात मोजलं. आईच्या खुर्चीपासून दार सहा पावलांवर होतं.

४

ऑफिसात निगेटिव्ह तपासायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याच्या गळ्यात सदा एक भिंग लोंबकळत असे. म्हणून सगळे त्याला भिंगवालाच म्हणत. तो इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जुन्या नटनट्यांची त्याला फारशी ओळख नव्हती. त्याचं प्रेम फिल्मच्या पट्टीवर, पट्टीवरच्या माणसांवर नाही. अशाच माणसाचं मत ताईला हवं होतं.

"मशीन कधी कधी शहाणपणा करतं ना?" तिनं विचारलं. "भोक बुजवताना शेजारच्या शॉटमधलं काहीतरी उचलून आणतं?"

"आणतं की. मागे एकदा घोड्याला मिशी आली होती."

"मग हे बघ." तिनं सहाव्या रिळातली एक फ्रेम दाखवली. आईची हनुवटी आणखी वर गेली होती. टेबलाच्या कडेशी, जमिनीवर, एक सावली पडली होती. दोन पाय असावेत इतपत.

भिंगवाल्यानं खालून मूळ निगेटिव्ह आणलं, उजेडाच्या टेबलावर पसरलं आणि बराच वेळ त्यावर वाकून राहिला. "मशीनचा दोष नाही, ताई," तो म्हणाला. "पट्टीवरच आहे. तेव्हाचाच. दिवा धरणारा मध्ये आला असणार."

"घरी याची जुनी डिस्क आहे. तीत सावली नाही."

"डिस्कवर काय दिसतं? अंधारात अंधार." त्यानं भिंग पुसलं. "तुमचेच आईवडील. जास्त बघताय तुम्ही. सुतावरून स्वर्ग गाठू नका."

त्याचं बोलणं अगदी पटण्यासारखं होतं आणि ताईला ते मनापासून पटवून घ्यायचं होतं. त्याच आठवड्यात तिनं आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, माझ्यापेक्षा बरी. परत येताना टॅक्सीत आई ताईशी बोलत होती आणि तिची नजर ताईच्या कानाजवळून पलीकडे गेली होती. आता फार लांब नाही. टॅक्सीच्या काचेच्या आतच कुठेतरी. ताईनं आईचा हात घट्ट धरून ठेवला, घर येईपर्यंत सोडला नाही.

५

आठवं रीळ बाबांचं आहे. मोठा संवाद आहे त्यात. दारात उभं राहून ते सगळा अपराध कबूल करतात, चार मिनिटं, एका दमात. ताईचा हा लाडका भाग. बाबांची फार आठवण आली की ती एवढाच तुकडा लावून बसायची. त्यांच्या उजव्या भुवईचा एक केस नेहमी उभा असायचा. तो तिनं कधी पुसला नव्हता, धूळ असती तरी पुसला नसता.

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर बोळातून कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिच्या एका चाकाची कुरकुर ऐकू येत होती. ताईनं रीळ उघडलं.

दार होतं. चौकटीवरचा निघालेला रंग होता, कडी होती, मागच्या भिंतीवरचा दिवा होता. बाबा नव्हते.

तिनं पुढची फ्रेम घेतली. पुढची. मग शंभर पुढची. मग चार मिनिटं सलग लावून पाहिलं. कॅमेरा रिकाम्या दाराकडे टक लावून होता. आवाजाची पट्टी वेगळी असते, ती तिनं शेजारच्या यंत्रावर लावली. बाबांचा आवाज आला, शब्दन् शब्द तोच. फक्त आधी त्या आवाजाला दारातला घुमारा होता, तो आता नव्हता. टेबलाशी उभं राहून, खाली वाकून, हळू बोलावं तसं ते बोलत होते.

ताईच्या पाचावर धारण बसली. पण तिच्या भीतीत एक हिशोब होता आणि तो तिला टाळता येईना. बाबा आपल्या फ्रेममध्ये नसतील तर एकाच ठिकाणी असतील. राहिलं होतं एक रीळ. त्याच्या शेवटी आई "ये" म्हणते. आणि तिथवर पोचलेला माणूस, अकरा वर्षांपूर्वी गेलेला माणूस, एकटा परत जाईल कशाला?

तिनं यंत्र बंद केलं, नवव्या रिळाचा डबा कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

६

"कितवं रीळ?" आईनं विचारलं.

"मशीन बिघडलंय."

"कधीपासून?"

"आजच. महिना तरी लागेल. कदाचित जास्तच."

आईनं मान हलवली. हनुवटी बरीच वर होती तिची. ताईच्या चेहऱ्याच्या जरा वर, हातभर अंतरावर बघावं तशी. "लहानपणी तू खोटं बोललीस की अंगठा मुठीत लपवायचीस," ती म्हणाली. "काढ बाहेर."

ताईनं अंगठा बाहेर काढला आणि एकदम तिला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेली बाई, पण आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. रिळांचं, हनुवटीचं, रिकाम्या दाराचं, सगळं सांगून टाकलं. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"एका फ्रेममध्ये यायचं नाही, ही अट माझीच होती," मग आई म्हणाली. "माझी आई गेली, त्या दिवशी तुझा बाप शूटिंगला होता. निरोप गेला, तरी आला नाही. का, तर एक शॉट राहिलाय. रात्री आला तोवर सगळं आटपलं होतं. मी म्हटलं, यापुढे तुझ्याबरोबर एका फ्रेममध्ये उभी राहणार नाही. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं गं. पण हा पडला नट! दुसऱ्या दिवशी जाऊन ते कराराच्या कागदावर लिहून आला. वर सही. म्हणे, तुझा शब्द मी मोडणार नाही."

"मग तू सांगायचं ना त्याला, की रागात बोलले!"

"मी कशी सांगणार? मला वाटायचं, एक दिवस हाच मोडेल. मुद्दाम घुसेल मध्ये. कॅमेरा चालू असताना सरळ चालत येईल, दिग्दर्शक ओरडेल, फिल्म वाया जाईल. मी रोज त्या काठीकडे बघून वाट बघायचे. सोमवार ते बुधवार." आई हसली. "पण मेला शब्दाचा पक्का. तुझ्या शाळेत बक्षीस समारंभ असला की मी बाहेर पडेपर्यंत फाटकाशी उभा राहायचा. कुणी चुकून फोटो काढला तर? चाळीस वर्षं त्यानं माझं ऐकलं, ठमे. इतकं कुणी कुणाचं ऐकू नये."

शेजारच्या घरात नळ चालू झाला आणि बंद झाला.

"तो तुला न्यायला येतोय," ताई म्हणाली. "तुला कळतंय ना?"

"असेल. मला काय माहीत? मी कधी गेलेय?" आईनं तिचं नाक पुसलं, अगदी लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच. "तू नको म्हणालीस तर ते रीळ राहू दे कपाटात. मी कुरकुर करणार नाही. आणि पुसायचं ठरवलंस, तर मला घेऊन जा. मला घरी बसवून एकटीनं करू नकोस."

"मला नाही जमणार."

"मग नको. जा, तोंड धू."

ताई रात्रभर जागी राहिली. रीळ कपाटात ठेवायचं तर आई तिच्याजवळ राहणार होती, दाराकडे बघत, हातभर अंतरावर कुणीतरी थांबलेलं बघत, महिनोन् महिने. एका माणसाला चाळीस वर्षं फाटकाशी उभं केलं होतं, आता ताई त्याला आणखी किती उभं करणार होती? आणि त्याला आत घ्यायचं तर. त्यापुढचा विचार तिच्यानं पुरा झाला नाही.

चार दिवसांनी ती आईला म्हणाली, "उद्या सकाळी नऊला निघू. स्वेटर घे, तिथे गारठा असतो."

७

ताईनं आईची खुर्ची आपल्या मागे लावली, म्हणजे पडदा तिला नीट दिसेल. भिंगवाल्यानं आईला वाकून नमस्कार केला, खोलीतला गारवा कमी केला आणि चहा आणतो म्हणून गेला. दार लोटलं गेलं.

नववं रीळ स्वच्छ होतं. पुसण्यासारखं फार नव्हतं, आणि होतं तेही ताई मुद्दाम सावकाश पुसत होती. आईच्या कपाळावरचा एक ठिपका तिनं तीन वेळा पुसला. मागून आईच्या श्वासाचा आवाज येत होता, मध्येच स्वेटरच्या बाहीची सळसळ. ताईनं ते आवाज कानांत साठवून घेतले.

पडद्यावर आईची मान पुरती वर झाली होती. इतकी, की गळ्यावरची शीर दिसत होती. समोरचा माणूस आता पाऊलभरावर असणार. आईचे ओठ उघडले. ही आवाजाविना चाललेली मूक फ्रेम होती, पण ओठांवरून कळत होतं. त्याच क्षणी मागच्या खुर्चीतून आई हळूच म्हणाली, "ये."

त्यानंतर सिनेमा संपतो. काळी पट्टी लागते, ताईनं ती हजारदा पाहिली होती. आज काळी पट्टी लागली नाही. यंत्र सांगत होतं, आणखी सात फ्रेम आहेत.

"आई, थांबू का?"

"तुझं तू ठरव, बाळा. मी आहे इथे."

ताईनं कळ दाबली. पहिल्या फ्रेममध्ये आईच्या चेहऱ्यावर छाया आली. दुसरीत, तिसरीत ती गडद झाली. चौथीत खुर्चीच्या पाठीवर कोटाची बाही टेकलेली दिसली. पाचवीत आई हसत होती. सिनेमात नाही, घरीही नाही, असं हसताना ताईनं तिला कधीच पाहिलं नव्हतं. सहावीत एक कान, थोडा गाल आणि भुवईचा एक उभा केस.

मागे स्वेटरची सळसळ आता ऐकू येत नव्हती. श्वासही नाही. यंत्राच्या पंख्यामुळे येत नसेल, ताईनं स्वतःला सांगितलं. तिला मागे वळावंसं वाटलं. मग वाटलं, नको. तिचं बोट कळेवर होतं. कधीतरी आईला जाऊ द्यायला शिकलं पाहिजे असं काहीबाही तिच्या मनात आलं, आणि त्याहून खरं म्हणजे, तिला त्या दोघांना एकदा एकत्र बघायचं होतं. लहानपणापासून तेवढंच बघायचं होतं. तिनं सातवी फ्रेम घेतली.

किती वेळ ती पडद्याकडे बघत बसली, तिला कळलं नाही. दार उघडलं. भिंगवाला आत आला, हातात चहाचे दोन कप. एक त्यानं तिच्यासमोर ठेवला आणि दुसरा द्यायला तिच्या मागे वळला. तिथेच थबकला, ओशाळला.

"माफ करा हं साहेब," तो ताईच्या मागे बघून म्हणाला. "मला वाटलं, दोघीच आहात. थांबा, अजून एक कप आणतो."

त्याची पावलं बोळातून लांब गेली. ताईचे डोळे घळाघळा वाहत होते, पण तिनं मान वळवली नाही. तो कप घेऊन परत येईपर्यंत तरी ती वळणार नव्हती.